आधी दशांश

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज कृषी केंद्रात रुजू झाले. बस थेट फाटकासमोर थांबते, हे कुणी कळवलं नव्हतं. दोन बॅगा आणि पुस्तकांचं खोकं घेऊन किती चालावं लागेल याची वाटभर केलेली चिंता फुकट गेली. सुरुवात चांगली झाली म्हणायची.

केंद्र माझ्या कल्पनेपेक्षा नीटनेटकं आहे. फाटकापासून कार्यालयापर्यंत खडीचा सरळ रस्ता, दोन्हीकडे प्रयोगाच्या गव्हाचे तुकडे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात नंबराची पाटी. कार्यालय बैठं, लांबट. त्याच्या मागे तारेच्या कुंपणातलं चौकोनी आवार, त्यात हवामानाची सगळी उपकरणं. मला मिळालेली खोली आवाराच्या कडेलाच आहे. लोखंडी पलंग, भक्कम टेबल, खिडकी पूर्वेकडे. नळाला गरम पाणी येतं. मी दोनदा सोडून पाहिलं.

माणसं तीनच सांगण्यासारखी. टायपिस्टबाईंना सगळे 'बुलेटिन' म्हणतात. तसं त्यांनीच मला पहिल्या मिनिटाला सांगितलं. पाऊस कधी पडणार ते सोडून इथलं सगळं मला आधी कळतं, म्हणाल्या. निरीक्षक वयस्कर आहेत, दोन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणायचं ठरवलं. माझ्या बॅगा त्यांनी उचलल्या आणि यात दगड आणलेत की पदव्या, असं विचारलं.

तिसरे मोठे साहेब, केंद्राचे प्रमुख. उंच, हळू आवाजात बोलणारे. त्यांच्या खोलीत भिंतीवर मानपत्र आहे: एकतीस वर्षं या केंद्राच्या नोंदवहीत एकही रकाना रिकामा नाही. पिकाला रोज किती पाणी लागतं याचा त्यांचा तक्ता प्रत्येक कृषी महाविद्यालयात शिकवतात. मलाही तो पाठ आहे.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझ्या ताईचं काही कळलं का, असं विचारलं. नाही, म्हणाले मी. फार वाईट झालं, म्हणाले. मग म्हणाले, तू तिच्यासारखी हट्टी नाहीस ते बरं आहे.

ताई माझी मावसबहीण. मावशी गेल्यावर ती आमच्याकडेच वाढली. सहा वर्षांपूर्वी ती याच केंद्रात निरीक्षक होती. एका शुक्रवारी ती कामावरून परतली नाही. साहेबांनी घरी कळवलं की राजीनामा न देता निघून गेली.

साहेबांना वाटतं, मी कृतज्ञतेपोटी इथे आले. तसंच वाटू दे.

४ नोव्हेंबर, बुधवार

काकांनी आवार दाखवलं. वेध, म्हणजे उपकरणांवरचे आकडे, सकाळी सात वाजता घ्यायचा. पांढऱ्या पेटीचं झडपांचं दार उघडण्याआधी श्वास रोखायचा, कारण तोंडाच्या वाफेनेही पारा चढतो. मग आधी दशांश वाचायचा आणि नंतर पूर्ण अंश. अंश कुठे पळून जात नाही, दशांश मात्र तुमच्या अंगाच्या उबेने बदलतो. हे मला माहीत होतं. लहानपणी मला ताप आला की ताई अशीच श्वास रोखून थर्मामीटर वाचायची, आणि मोठ्याने म्हणायची, चार. मग जरा वेळाने, एकशे एक. दुकानातल्या काट्यावर माझं वजन करतानाही तसंच. वाणी हसायचा.

आवाराच्या मधोमध टाकी. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल अशी लोखंडी पेटी मातीने भरून जमिनीत बसवली आहे. तिच्यावर आजूबाजूसारखाच गहू. खाली तळघर आहे, झाकण उघडून शिडीने उतरायचं. तिथल्या काट्यावर ही टाकी उभी असते. पिकाने पाणी प्यायलं की वजन घटतं, दव पडलं की वाढतं. दहा टनांच्या टाकीत शंभर ग्रॅमचा फरक कळतो. दर मिनिटाचा आकडा कार्यालयातल्या स्क्रीनवर येतो. साहेबांचा तक्ता या टाकीतून निघाला. त्यांचं नाव, त्यांची खुर्ची, त्यांचं मानपत्र, सगळं या चार चौरस मीटरांतून उगवलेलं आहे.

एक गोष्ट खटकली. काका आवारात सात वीसला गेले आणि वहीत सात लिहिले. मी विचारलं, तर म्हणाले, सातला थंडी फार असते. थंडीच तर मोजायची असते, म्हणाले मी. ते हसले नाहीत.

९ नोव्हेंबर, सोमवार

बुलेटिनबाईंनी डबा खाता खाता ताईची गोष्ट सांगितली. आमची आडनावं वेगळी, त्यामुळे त्यांना नातं माहीत नाही. म्हणाल्या, तुझ्या आधी एक होती, दिसायला बरी, जिभेला धार. साहेबांशी भांडली आणि कुणाबरोबर तरी पळाली. कुणाबरोबर, असं मी विचारलं. ते मात्र कळलं नाही बाई, म्हणाल्या, आणि त्यांना त्याचं खरोखर वाईट वाटलेलं दिसलं.

भांडण कशावरून ते मला माहीत आहे. ताईने पत्रात लिहिलं होतं. त्या उन्हाळ्यात टाकीचा काटा अकरा दिवस अडकला. नेमके सगळ्यात कडक उन्हाचे अकरा दिवस. त्यांच्याशिवाय साहेबांचा तक्ता लंगडा राहिला असता. नियमाप्रमाणे आकडा नसला की रकान्यात आडवी रेघ मारायची. ताईने अकरा रेघा मारल्या. साहेब म्हणाले, आकडे भर. ती म्हणाली, मी पाहिलेलं नाही ते लिहिणार नाही. केंद्राचं काम तपासणाऱ्या समितीला लेखी कळवणार आहे, असं पत्राच्या शेवटी होतं.

आज मी ती जुनी वही काढली. अकरा रकान्यांत आकडे आहेत. खालचा कागद खरवडलेला, बोट फिरवलं की लागतो.

मी ती जागच्या जागी ठेवली. घाई करणार नाही. माणूस ज्यावर उभा आहे ते काढून घ्यायचं तर आधी ते नीट मोजावं लागतं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज सापडलं.

काटा दुरुस्त करायला त्या वर्षी टाकी पूर्ण रिकामी केली होती. पुन्हा भरताना प्रत्येक पोतं तोलून आत ओतलं. भरणीची वही आहे. रोज संध्याकाळी काकांची आणि ताईची सही. शेवटची सही गुरुवारची. वरच्या दोन हातांची माती तेवढी बाकी होती. ती साहेबांनी शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, एकट्याने भरली. पोती पूर्ण आहेत, एकही कमी-जास्त नाही.

पोत्यांच्या बेरजेत लोखंडी पेटीचं वजन मिळवलं, तर काट्याने जो आकडा दाखवायला हवा त्यापेक्षा तो जास्त दाखवतो. आणि कॉम्प्युटरमधल्या सूत्राच्या शेवटी, सहा वर्षांपासून, कुठलंही कारण न देता एक वजाबाकी बसवलेली आहे.

उणे ५२.४.

नोकरीत घेताना केलेल्या वैद्यकीय तपासणीचा ताईचा कागद फाइलमध्ये आहे. वजन ५१.९. बूट, किल्ल्यांचा जुडगा, खिशातली छोटी वही. अर्धा किलो.

रडू आलं नाही. मनात फक्त एक विचार आला: एक पोतं जास्त लिहिलं असतंस तर सुटला असतास. पण सहीच्या वहीत खोटं लिहायचं तर काकांना सांगावं लागलं असतं. आणि काटा चुकीचा दाखवतोय हे तुला सहन झालं नसतं. माणूस पुरलास आणि वर दुरुस्ती घातलीस.

२२ नोव्हेंबर, रविवार

पोलिसांकडे गेले नाही. उद्या जाता येईल, परवाही येईल. त्यांनी नेलं की तो बसेल कुठल्यातरी खोलीत, वकील येतील, अपघात म्हणतील. मला ते पुरेसं नाही. ज्या आकड्यावर त्याने सहा वर्षं झोप घेतली तो आकडा मला त्याच्या डोळ्यांसमोर रोज हलवायचा आहे.

आज कार्यालय रिकामं होतं. सहा वर्षांच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी काढल्या. एक गोष्ट आधी तपासायची होती. मातीत शरीर विरतं. सहा वर्षांत वजन घटायला हवं. घटलेलं नाही. शंभर ग्रॅमही नाही.

दुसरी गोष्ट मी शोधत नव्हते. रोज सकाळी सात वाजता टाकीचं वजन ५२.४ ने कमी होतं. चार मिनिटं. मग पुन्हा पूर्ववत. रोज. सुट्टीच्या दिवशीही. साहेबांच्या हिशेबात दिवसाची सरासरी घेतात, त्यामुळे ही चार मिनिटं कुणाला दिसली नाहीत.

वीज, काटा, वारा, उंदीर, सगळं तपासलं. काट्यात दोष असता तर आकडा असा नेमका आला नसता.

१ डिसेंबर, मंगळवार

आज समितीचे तिघे पाहुणे केंद्र बघायला आले. साहेबांनी त्यांना स्क्रीनसमोर उभं केलं आणि शंभर ग्रॅमचं ते वाक्य म्हटलं. अकरा वाजता मी माझ्या टेबलावरून सूत्रातली वजाबाकी काढली.

आकडा ५२.४ ने वर गेला.

साहेब बोलायचे थांबले. त्यांच्या हातातला कप तिरका झाला आणि चहा बशीतून बाहीवर आला, तरी त्यांना कळलं नाही. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, हे काय, टाकीवर कुणी चढलं की काय. सगळे हसले. सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. टाकीवर गहू होता, कोवळा, घोट्याएवढा. मी पाच मिनिटांनी वजाबाकी परत घातली.

आता कुणी उतरलं वाटतं, ती बाई म्हणाली. पण जाताना तिने गंभीरपणे सांगितलं की असा काटा चालणार नाही. चौदा तारखेला माणसं आणून टाकी रिकामी करू आणि मुळापासून तपासू.

साहेब हो म्हणाले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. आवंढा चारदा गिळला. मोजला.

४ डिसेंबर, शुक्रवार

आज सातला मीच आवारात जायला निघाले. काकांनी मनगट धरलं. आजवर त्यांनी मला बोटही लावलं नव्हतं.

मग बोलले. सहा वर्षांत त्यांनी एकही सकाळचा वेध स्वतः घेतलेला नाही. सात वीसला जातात तेव्हा पारा सारखा करून ठेवलेला असतो आणि पेटीतल्या पाटीवर आकडे लिहिलेले असतात. ते फक्त उतरवून घेतात. पहिल्या वर्षी घाबरलो, म्हणाले, मग सवय झाली. चुकत नाही हो ती कधी. माझ्यापेक्षा बरी वाचते.

ती कोण, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सात वीसला आम्ही गेलो. पाटीवर चार थर्मामीटरांचे आकडे: किमान, कमाल, कोरडा, ओला. पाचाची शेपटी डावीकडे वळवलेली. शाळेत बाई ताईला त्याबद्दल रागवायच्या. पाटीच्या कडेला ओली माती.

मी पाटीवर खाली पेन्सिलीने लिहिलं: साहेब. चौदाच्या आत.

१० डिसेंबर, गुरुवार

साहेब रोज माझ्या टेबलाशी येतात. सूत्राला कोण हात लावतंय, असं विचारतात. मी म्हणते, मी नाही. सोमवारपासून ते खरं आहे.

आकडा आता आपणच हलतो. साहेब स्क्रीनसमोर आले की वर. गेले की खाली. काल बुलेटिनबाईंना ते म्हणाले, ही स्क्रीन झाका. झाकली. फडक्याच्या आतून उजेड वरखाली होतो.

सकाळची चार मिनिटं आता एकतीस झाली आहेत.

आज त्यांनी मला खोलीत बोलावलं. डोळे लाल. म्हणाले, तिला फक्त घाबरवायचं होतं. ती काटा अडकल्याचा मूळ कागद आणायला तळघरात उतरली, मी वरून झाकण लावलं. तासाभराने उघडणार होतो. बैठकीत अडकलो. तळघरात पाण्याचा नळ फुटला. मी काय करणार होतो?

मी म्हणाले, झाकण उघडणार होतात.

मग त्यांनी एक गोष्ट काढली, ती इथे लिहीत नाही. म्हणाले, तू मला असं बोलू नकोस. तुला तर माहीत आहे.

मी उठून आले.

१३ डिसेंबर, रविवार

सकाळी नऊला साहेबांची गाडी आली. फावडं, गोणपाट. उद्या समितीची माणसं येणार; त्याआधी तिला बाहेर काढायचं असणार. स्वच्छ ऊन होतं. ते कुंपणाचं दार उघडून आत गेले आणि टाकीच्या कडेला गुडघ्यावर बसले. गहू मुळासकट काळजीपूर्वक उपटून ओळीने बाजूला ठेवत होते, परत लावता यावा म्हणून.

मी कार्यालयात गेले. स्वतःसाठी चहा केला. स्क्रीनवरचं फडकं काढलं आणि समोर बसले. खिडकीकडे पाठ केली. मला चेहरा बघायचा नव्हता, आकडा बघायचा होता.

९.३८, उणे ५२.४.

९.४१, अधिक १९. मग ३७. मग ६०. एखादा माणूस पायापायाने पाण्यात उतरतो तसा. बाहेरून एकदा माझं नाव घेऊन हाक आली. दुसऱ्यांदा तोंडात काहीतरी भरल्यासारखी.

मी चहा संपवला.

९.४४, अधिक ८१.६. मग स्थिर.

बाहेर गेले तेव्हा गहू जागच्या जागी होता. एकही रोप वाकडं नव्हतं. फावडं कुंपणाला टेकवलेलं, पात्याला माती नाही. काका फाटकाशी उभे होते, काठीचा आधार घेऊन. त्यांनी ऐकलं होतं. मुलीचा आवाज, म्हणाले, वेध घेताना बोलतो तसा. आधी सहा. मग जरा थांबून, एक्याऐंशी.

वाईट वाटलं का, हे मी स्वतःला विचारलं. नाही. घरी परतल्यासारखं वाटलं.

१४ डिसेंबर, सोमवार

समिती आली. साहेब नाहीत, गाडी आहे. पोलीस आले, सगळ्यांचे जबाब झाले. टाकी उघडा, असं मी स्वतः सांगितलं. आत काय सापडेल, तेही सांगितलं. पोलिसांनी समितीच्या माणसांना हात लावू दिला नाही; परवानगी आणि डॉक्टर घेऊन उपसणारी माणसं गुरुवारी सकाळी दहाला येतील.

झालं. मला हवं होतं ते सगळं झालं.

एक बेरीज मात्र जुळत नाही. साहेब आत आहेत, ८१.६. पण रविवारी सकाळी कमी झालेले ५२.४ अजून परत आलेले नाहीत.

१५ डिसेंबर, मंगळवार

आज पाटीवर तापमान नव्हतं. अकरा आकडे होते. एकाखाली एक. पाचाच्या शेपट्या डावीकडे.

काका विचारत होते, हे कसले. मी म्हणाले, माहीत नाही.

त्यांच्याखाली रेघ आणि एकच आकडा. ५५.३.

दुपारी बियाण्याच्या कोठारात गेले. पोती तोलायच्या काट्यावर उभी राहिले. कोठारात कुणी नव्हतं —

५५.३.

१६ डिसेंबर, बुधवार

या वहीत एक गोष्ट लिहिलेली नाही. आता लिहिते.

ताईने त्या पत्रात मला विचारलं होतं, मी काय करू. सोबत अकरा दिवसांचं ऊन, वारा, तापमान पाठवलं होतं. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. त्यावरून टाकीचे आकडे काढणं मला जमत होतं, ताईला जमत नव्हतं. एका दुपारचं काम. मी ते केलं. उत्तर तिला पाठवलं नाही. साहेबांना पाठवलं. सोबत माझा अर्ज. त्यांनी शिफारसपत्र दिलं. मला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला.

वहीत खरवडलेल्या जागी आहेत ते आकडे माझे आहेत. एकही बदललेला नाही. परीक्षेत तो तक्ता आला होता. मला पैकीच्या पैकी मिळाले.

ते आकडे हातात पडल्यावर त्यांना ताईची गरज उरली नाही. उरला तो तिचा अडथळा.

मला ती अपघाताने पाण्यात बुडालेली नको होती. मला तो खुनी हवा होता. एकटा तोच.

सकाळी बॅग घेऊन फाटकाबाहेर गेले. बस दिसत होती. थांब्याच्या बाकावर जुनी नोंदवही उघडी पडलेली. ती काकांच्या कुलुपात असते. अकरा रकाने. शाई ओली. बाकावर कुणीतरी बसून उठल्यासारखा मातीचा ठसा.

बस थांबली. मी चढले नाही. अंतराचा इथे काही संबंध नाही, एवढं कळलं.

दुपारभर वहीत काम केलं. माझे अकरा आकडे खोडले, अकरा रेघा मारल्या, प्रत्येकीखाली सही केली. समितीला पत्र लिहिलं, माझ्या नावासकट. बुलेटिनबाईंकडे दिलं. त्या म्हणाल्या, उद्याच्या टपालात जाईल गं, आजचं गेलं. काय एवढी घाई. तुझा चेहरा का असा झालाय —

१७ डिसेंबर, गुरुवार

६.४०. कार्यालयात बसलेय. उजाडतंय. काकांनी आज रजा घेतली. दहाला माणसं येतील.

वही पाहिली. माझ्या रेघा नाहीत. आकडे परत आलेत.

६.५२. तिला सांगितलं. मोठ्याने, रिकाम्या खोलीत. ताई, मी लहान होते. खोटं आहे. एकवीस वर्षांची होते.

६.५५. खिडकीतून आवार दिसतं. टाकीतला गहू मधोमध दुभंगलाय. एका माणसाइतकी जागा. कडा सरळ.

स्क्रीनवर अजून — नाही. आकडा थांबलाय. वाट बघतोय.

६.५८. दाराखालून ओली माती. किल्ल्या वाजल्या. तो जुडगा मी ओळखते.

पळत नाही. मी जे त्याला दिलं ते मला मिळतंय, त्यात तक्रार कसली. फक्त तिने एकदा हाक मारली असती तर —

दार उघडलं नाही तरी ती आत आहे. मागे. थंड. मानेवर श्वास लागत नाही.

रोखून धरलाय.

७.०० —

ताई म्हणाली, तीन.

आता जरा थांबेल. मग पंचा